मैदान कॉलेजचं, वर्दळ गावाची
(आकाशवाणीवरील भाषण)



जळगाव-धुळ्याकडे कॉलेजच्या मैदानावर पहाटे गेलात, तर कॉलेजची मुलं थोडी आणि पोलीस भरतीची तयारी करणारी जास्त दिसतील. भरतीत मुलांना 1600 मीटर धावायचं असतं, मुलींना 800. मोठ्या स्पर्धांमधली शर्यत 1500 मीटरची. पण 400 मीटरच्या धावपट्टीवर 1600 म्हणजे बरोबर चार फेऱ्या. हिशोब तोंडपाठ. कोपऱ्यात कुणी 7.26 किलोचा गोळा फेकत असतो, आणि या सगळ्यांना वळसे घालत फिरायला आलेले पेन्शनर राजकारण सोडवत असतात.

या मैदानांनी विद्यापीठं मात्र तीन पाहिली. जळगावचं मूळजी जेठा आणि अमळनेरचं प्रताप, दोन्ही महाविद्यालयं 1945ची. आधी ती मुंबई विद्यापीठात होती. 1949मध्ये पुणे विद्यापीठ झालं, ती तिकडे गेली. विद्यापीठाच्या संघात यायचं तर आपल्या पोराला पुणे, नगर, नाशिकच्या पोरांना मागे टाकावं लागे. 15 ऑगस्ट 1990ला जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ उभं राहिलं आणि खानदेशाचा स्वतःचा संघ मैदानात उतरू लागला. 2018पासून या विद्यापीठाला आपल्या आसोद्याच्या बहिणाबाईंचं नाव आहे. दप्तरं दोनदा हलली. मैदानं जिथल्या तिथे.

पण काळ्या मातीत मैदान राखणं सोपं नाही. कपाशीला मानवणारी ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. म्हणून वर मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, मग फक्कीच्या रेघा. एवढं करूनही वैशाखात दुपारी तिथे उभं राहवत नाही.

बरं, मैदान खेळापुरतं राहतं थोडंच! अमळनेरला 1952नंतर थेट फेब्रुवारी 2024मध्ये पुन्हा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, ते प्रताप महाविद्यालयाच्याच आवारात. साने गुरुजींच्या गावात पुस्तकांसाठी मांडव पडला, याचा मला आनंदच आहे. परदेशातही असंच. शिकागो विद्यापीठाच्या स्टॅग फील्ड या स्टेडियमच्या प्रेक्षागाराखाली स्क्वॉशसारख्या खेळाचं कोर्ट होतं. तिथे 2 डिसेंबर 1942ला एन्रिको फर्मी आणि सहकाऱ्यांनी जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवली. वर फुटबॉलची बाकं, खाली अणुभट्टी! आपल्याकडे निदान मांडवच पडतो.

तेव्हा मैदान दुसऱ्या कामाला देऊ नये, असं माझं म्हणणं नाही. मांडव निघाला की खुंट्यांचे खड्डे, खिळे आणि तारेचे तुकडे मागे राहतात, आणि अनवाणी कबड्डी-खोखो खेळणाऱ्यांच्या पायात ते शिरतात, माझी तक्रार तेवढीच. भाड्याच्या पावतीवरच लिहून घ्यावं: खड्डे बुजवून, खिळे वेचून, रोलर फिरवून दिल्याशिवाय अनामत परत नाही. आणि भाड्यातून उरलेल्या पैशांत पहिल्यांदा दोन कामं करावीत. पाच वाजता अंधारात 800 मीटर पळायला येणाऱ्या मुलींसाठी धावपट्टीवर दिवे लावावेत, आणि त्यांच्या स्वच्छतागृहाचं कुलूप त्याच वेळी उघडावं.