वहीतलं वांदर आणि शेतातलं वांदर

खूप जण विचारतात, "दादा, तू दिवसभर वांदरांच्या मागे फिरून नेमकं करतो काय?" तर आज तेच.

मी रोहण्याचा, वर्धा जिल्हा. आमच्याकडे वांदर म्हणजे काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं. काम फील्ड असिस्टंटचं. उजाडायच्या आत झाडाखाली पोचायचं, कारण टोळी रात्री जिथे झोपली तिथेच हमखास सापडते. एकदा हलली की शोधण्यात अर्धा दिवस. सोबत डबा, पाणी, दुर्बीण, वही, मोबाईलचा टायमर. दर दहा मिनिटांनी टायमर वाजला की दिसेल त्या प्रत्येक वांदराची नोंद : खातंय, बसलंय, चालतंय, उवा वेचतंय. त्या क्षणी जे चाललंय तेच. खायला द्यायचं नाही, हाकलायचं नाही.

हे टायमरचं खूळ कशाला? आफ्रिकेत बबून माकडांवर काम करणाऱ्या जीन ऑल्टमन यांनी 1974 साली निरीक्षणाच्या पद्धतींवर एक लेख लिहिला. त्यातला मुद्दा आपल्याला लगेच पटतो. मनाला येईल तसं लिहिलं तर आपण फक्त गडबड लिहितो. हुप्प्याने उडी मारली, दात विचकले, भरली वही! शांत बसलेलं वांदर कोण लिहितं? आणि वांदर बसतं खूप. पाला पचवायला वेळ लागतो, पोटात त्यासाठी वेगळे कप्पे असतात.

मला ही पद्धत एकदम पक्की वाटायची. मग जानेवारीत टोळी आमच्याच हरभऱ्यात उतरली.

घाटे भरलेले. मी बांधावर वही घेऊन. पलीकडून बाबा ओरडले, "अबे, लिहून काय राहिला? हाकल ना!" मी नाही हाकललं. खरं सांगतो, हात थरथरत होता. दोनदा टायमर वाजला, दोनदा लिहिलं. तेवढ्यात बाबा डबा वाजवत आले अन् टोळी बाभळीवर.

रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "काय लिहिलं?" मी म्हटलं, दिवसभरात 66 नोंदी, त्यातल्या शेतातल्या फक्त 2.

"अन् खाल्लं किती ते?"

ते नव्हतं लिहिलं. रकानाच नव्हता. लोकांना वाटतं वांदर दिवसभर शेतातच असतं, ते खोटं. पण वीस मिनिटांत किती ओळी गेल्या हे वेळ मोजून कसं कळणार? दोन नोंदी वाचून कोणीही म्हणेल, नुकसान किरकोळ.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं. आता टोळी गेली की आम्ही ओळीतली झाडं मोजतो, शाबूत किती, ओरबाडलेली किती. बाबा सोबत असतात. जिथे जमीन उकरलेली दिसते ती झाडं मी धरत नाही, ते रानडुकराचं काम. बाबा चिडतात, "डुक्कर तुह्या वहीत नाही म्हणून माह्या शेतात नाही का?" त्यावर अजून माझ्याकडे उत्तर नाही. रात्री जागलीला मात्र दोघं जातो.

तुमच्याकडे वांदरं काय खातात, व्हॉइस नोट पाठवा. पीक कोणतं, महिना कोणता, तेवढं नक्की सांगा. चला, चार मिनिटांत टायमर वाजेल.