खासदाराचे मत कुठे दिसते?
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



निवडणूक जवळ आली की वर्तमानपत्रांत खासदारांचे प्रगतिपुस्तक छापून येते. हजेरी इतके टक्के, प्रश्न इतके, चर्चेत भाग इतका. आज त्या प्रगतिपुस्तकाबद्दल बोलायचे आहे. उदाहरण आपल्या इंदूरचेच घेतो, सुमित्राताई महाजनांचे. हा कुठल्या पक्षाचा प्रचार नव्हे. ताईंनी 2019 साली निवडणूक लढवलीच नाही, त्यामुळे मोकळेपणाने बोलता येते.

चिपळूणची मुलगी लग्न होऊन इंदूरला आली, 1984 मध्ये शहराची उपमहापौर झाली आणि 1989 मध्ये माजी मुख्यमंत्री प्रकाशचंद्र सेठी यांना हरवून लोकसभेत गेली. तेव्हापासून, ती निवडणूक धरून, सलग आठ वेळा निवडून आली. हे आपल्याला पाठ आहे. पण या तीस वर्षांत आपल्या खासदाराने कोणत्या विधेयकावर काय मत दिले, हे या सभागृहातील किती जणांना सांगता येईल? मला वाटते, कुणालाच नाही. आणि त्यात आपला दोष थोडा आहे.

लोकसभेत बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणायचे, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’. सभापती आवाजावरून निर्णय देतात. कोण काय म्हणाले याची नोंद राहत नाही. कुणी आग्रह धरला तरच मतविभाजन होते, बाकावरची बटणे दाबली जातात आणि नावानिशी नोंद छापली जाते.

त्यातही 1985 सालची 52वी घटनादुरुस्ती आली. पक्षादेश मोडून मत दिले तर खासदारकी जाऊ शकते. आयाराम-गयारामांना आळा घालायला हा कायदा हवाच होता. पण त्यामुळे छापलेले मत बहुधा पक्षाचे असते, माणसाचे नव्हे. मत मोलाचे नाही असे मात्र समजू नका. 17 एप्रिल 1999 रोजी वाजपेयी सरकार 269 विरुद्ध 270, म्हणजे अवघ्या एका मताने पडले होते.

मग माणूस दिसतो कुठे? माझ्या मते, समितीत. 2011 साली केंद्र सरकारने भूसंपादनाचे नवे विधेयक आणले. ते ग्रामविकास खात्याच्या स्थायी समितीकडे गेले. समितीच्या अध्यक्ष होत्या ताई, तेव्हा विरोधी बाकांवरच्या. समितीत सगळ्या पक्षांचे सदस्य असतात, बैठका बंद दाराआड होतात, कॅमेरे नसतात, त्यामुळे आरडाओरडही कमी. मे 2012 मध्ये अहवाल आला. त्यात एक शिफारस फार रोखठोक होती : खासगी कंपन्यांसाठी सरकारने जमीन संपादन करूच नये. सरकारने ती मानली नाही. खासगी प्रकल्पाला 80 टक्के जमीनधारकांची संमती हवी, अशी अट कायद्यात राहिली. ऑगस्ट 2013 मध्ये लोकसभेने 216 विरुद्ध 19 मतांनी ते विधेयक मंजूर केले.

पुढचा भाग मला फार विचार करायला लावतो. डिसेंबर 2014 च्या अखेरीस नव्या सरकारने वटहुकूम काढून पाच प्रकारच्या प्रकल्पांना या संमतीच्या अटीतून सूट दिली. मार्च 2015 मध्ये तसे विधेयक लोकसभेत मंजूरही झाले. आणि ज्यांच्या समितीने सरकारला जमीन संपादनापासून दूर राहायला सांगितले होते, त्या ताई आता सभापतींच्या आसनावर होत्या. घटनेच्या 100व्या कलमाप्रमाणे सभापतींना मत नसते. समसमान मते पडली तरच निर्णायक मत. मनात काय होते, ते नोंदीत येणारच नव्हते. राज्यसभेत सरकारकडे बहुमत नव्हते, विधेयक अडले, आणि ऑगस्ट 2015 मध्ये वटहुकमाची मुदत संपू दिली गेली.

आता प्रगतिपुस्तकाकडे वळू. 1999 ते 2004 ताई राज्यमंत्री होत्या. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरे देतात. खासगी विधेयकही मांडत नाहीत. हजेरीपटावर सहीसुद्धा करत नाहीत! 2014 ते 2019 सभापती असताना तर वादविवादातच भाग नाही. म्हणजे आठपैकी दोन कारकिर्दींत प्रश्नांचा रकाना शून्य. एखाद्या परक्या माणसाने नुसते आकडे पाहिले तर म्हणेल, या बाई करत काय होत्या?

आसनाची किंमतही मोजावी लागते. जुलै 2008 मध्ये विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी सोमनाथ चटर्जींनी पक्षाचे ऐकून सभापतिपद सोडले नाही. दुसऱ्याच दिवशी पक्षाने त्यांना काढले. ताईंनी ऑगस्ट 2015 मध्ये काँग्रेसच्या 25 सदस्यांना पाच दिवस निलंबित केले, त्यावर टीकाही पुष्कळ झाली. मला स्वतःला तो निर्णय कठोर वाटला होता. सभापतींचे मूल्यमापन करायचे तर अशा निर्णयांवरून करावे.

जाता जाता एक आठवण. लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळणकर जन्माने बडोद्याचे आणि खासदार अहमदाबादचे. महाराष्ट्राबाहेरून निवडून येऊन त्या आसनावर बसलेला मराठी माणूस आपल्या ताईंच्याही आधी होऊन गेला आहे.

पुढच्या वेळी उमेदवार दारी आले की हजेरी जरूर विचारा. पण कोणत्या समितीवर होतात आणि अहवालात काय लिहिलेत, हेही विचारा. समित्यांचे अहवाल सर्वांसाठी खुले असतात.

 गणपती बाप्पा मोरया!