जुन्या वस्तूंची माया

जप्तीचा पंचनामा ज्यांनी वाचला असेल, त्यांना त्याची भाषा ठाऊक आहे : 'तांब्याचा हंडा, पोचलेला, नग एक; लाकडी पाट, जुने, नग तीन.' सरकारी नोकरीत अशा याद्या मी पुष्कळ चाळल्या आहेत. त्यांत वस्तूची अंदाजे किंमत असते. पण तो हंडा कोणाच्या रुखवतात आला होता, हे लिहावयास रकाना नसतो. नसावा हेच योग्य, नाहीतर एकही पंचनामा संध्याकाळपर्यंत पुरा व्हावयाचा नाही! परंतु त्या न छापलेल्या रकान्यातील मजकूर हाच ज्यांच्या कलेचा विषय, असे काही कलावंत अलीकडे झाले आहेत.

बीजिंगचे कलावंत सोंग दोंग यांचे वडील २००२ साली वारले. आई खचली आणि घरात वस्तू साठवू लागली. सवय तशी जुनीच. टंचाईच्या, शिधावाटपाच्या काळात तिने संसार केला होता. हाती आहे त्याचा पुरता उपयोग करावा, अशा अर्थाचे 'वू जिन छी योंग' हे चिनी वचन त्या पिढीने व्रतासारखे पाळले. आपल्याकडील आजीबाईंना ते निराळे शिकवावे लागले नसते. आता मात्र काटकसरीची अडगळ झाली. बाटल्या, टूथपेस्टच्या रिकाम्या नळ्या, जुने जोडे, चिंध्या यांनी घर भरून गेले.

मुलाने ती अडगळ फेकली नाही. त्याने आईलाच कलेत सहकारी करून घेतले आणि २००५ साली बीजिंगमध्ये घरातील दहा हजारांहून अधिक वस्तू जातवार मांडल्या. येणाऱ्याजाणाऱ्यांना आई त्यांच्या हकीकती सांगे.

त्यांत कपडे धुण्याच्या साबणाच्या वड्या आहेत. साबण शिध्यावर मिळे. मुलांना पुढे कमी पडू नये म्हणून तिने त्या वर्षानुवर्षे मागे टाकल्या. मुलाचे लग्न झाले तेव्हा त्या त्याला देऊ केल्या. त्याच्या घरी कपडे धुण्याचे यंत्र होते. त्याला त्यांची गरज नव्हती. तरी तिने त्या जपून ठेवल्या. बाजारात या वड्यांना कोण विचारील? पण त्या वाळलेल्या साबणात एका आईची भविष्याविषयीची सारी धास्ती साठलेली आहे.

याच्या उलट प्रयोग तुर्की कादंबरीकार ओरहान पामुक यांचा. २००८ साली त्यांनी एका प्रेमवेड्याची कादंबरी लिहिली आणि २०१२ साली इस्तंबूलमध्ये तिचे संग्रहालय उघडले. नायिकेने ओढलेल्या सिगारेटींची ४,२१३ थोटके तेथे भिंतीवर लावलेली आहेत. नायिका अर्थात कधी जन्मलीच नव्हती! कौशल्य असामान्य खरे. तथापि माया अशी रचताही येते, हे पाहून मी थोडा अस्वस्थ होतो. मन पुन्हा साबणाच्या वड्यांकडे वळते. त्यांच्यासाठी कोणीतरी खरोखरच पोटाला चिमटा घेतला होता.

२००९ साली ती आई वारली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्या वस्तू मांडल्या गेल्या, तेव्हा त्यांची हकीकत सांगणारी नव्हती. दिवंगत वडिलांना उद्देशून मुलाने निऑन दिव्यांच्या अक्षरांत लिहिलेला निरोप मात्र त्या मांडणीत होता : काळजी करू नका, आई आणि आम्ही सारे सुखरूप आहोत.