साध्या बंदुकीची चांदमारी

जबलपूर शहरात घमापूरच्या बाजूला चांदमारी तलैया नावाची एक वस्ती आहे. चांद म्हणजे निशाणावरचा गोल आणि त्यावर गोळ्या झाडण्याचा सराव जेथे चाले, ती चांदमारी. महाराष्ट्रातही जुन्या छावण्यांच्या आसपास हा शब्द अजून कानांवर येतो. जबलपूर तर छावणीचेच शहर. येथला तोफगाड्यांचा कारखाना 1904 सालचा आणि खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. अशा गावात उभा जन्म काढलेल्या माझ्यासारख्या मराठी माणसाला बंदुकीचे आकर्षण वाटावे, यात नवल नाही. नवल एवढेच, की ती मला खऱ्या अर्थाने कळली साठी उलटल्यावर, आणि तीही छऱ्याची!

पूर्वी या भागात बंदूक म्हटली की शिकार, असेच समीकरण होते. मंडल्याच्या रस्त्याला लागले की जंगल आणि जंगलात शिरले की शिकारीच्या गप्पा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो अध्याय संपवला आणि ते योग्यच झाले. पण आमच्या मामांसारख्या माणसांची मोठी पंचाईत झाली. बंदूक घरात, परवाना पेटीत, आणि झाडायची कशावर? मामांनी मग कागदावर नेम धरायला आरंभ केला. मित्रमंडळी हसली. मामा त्यांना म्हणत, “अहो, चितळ हुकले तर पळून जाते आणि मग हवी तेवढी थाप मारता येते. कागद जागचा हलत नाही. भोक कोठे पडले, ते घरी घेऊन जावे लागते.”

या छंदाला आपल्या देशात प्रतिष्ठा मिळवून देणारा पुरुष शिकारी नव्हता, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. 1951 साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. तिचे संस्थापक आणि पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव, म्हणजेच दादासाहेब मावळणकर. घराणे मूळचे रत्नागिरीकडचे, वकिली अहमदाबादेत, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास, गांधीजींचे अनुयायी आणि पुढे लोकसभेचे पहिले सभापती. अहिंसेच्या मार्गावरील माणसाने रायफलीची संघटना काढावी, याचा काहींना अचंबा वाटतो. मला तो वाटत नाही. पालथे पडून, श्वास आवरून, कोणाचेही वाईट न चिंतता कागदावरच्या काळ्या ठिपक्याकडे पाहत राहणे, ही गोष्ट सूतकताईपासून वाटते तितकी दूर नाही. त्यांच्या नावाची मावळणकर स्पर्धा नेमबाजांच्या पिढ्यांना परिचित आहे.

माझी बंदूक देशी बनावटीची, 4.5 मिलिमीटर छऱ्याची आहे. नळी मधोमध मोडायची, की आतली स्प्रिंग दाबली जाते. छर्रा बसवायचा, नळी मिटवायची, चाप ओढायचा. दृष्टीला साहाय्य म्हणून मागे एक खाच आणि पुढे एक माशी, बस्स! दुकानातून आली तशी ती काही महिने वापरली. छर्रे कागदभर विखुरत. मी दोष अर्थातच बंदुकीला दिला. दस्ता लांबवला, नळीच्या टोकाला वजन बांधले, आणि चाप जड वाटतो म्हणून आतला खटका कानशीने घासून हलका केला. या शेवटच्या उद्योगाचा मला फार अभिमान होता.

एके संध्याकाळी परसात नळी मिटवताना चापाला बोट न लावताच बंदूक उडाली. छर्रा दाराच्या चौकटीत रुतला. त्या दारापासून चार हातांवर माझी नात उभी होती. ती घाबरली नाही, हसली. मी मात्र ओट्यावर किती वेळ बसून होतो, ते मला आठवत नाही. पुढे तीन महिने बंदूक कपाटात होती. बाहेर काढली ती नवा खटका बसवून, बाकीची सारी जोडकामे उतरवून, होती तशी करून. आणि परसातल्या निशाणाची जागाही बदलली. आता मागे भिंत आहे, भिंतीपुढे चिंध्यांनी भरलेले खोके आहे, आणि त्या बाजूला एकही दार नाही.

मग पुन्हा पहिल्यापासून शिकू लागलो. स्प्रिंगच्या बंदुकीत चाप ओढल्यावर आतला दट्ट्या धावतो, त्यापुढची हवा दाबली जाते आणि ती छऱ्याला ढकलते. छर्रा नळीतच असताना या धावपळीने बंदूक हलू लागते. मी तिला मुठीत आवळून धरत होतो. माझी मूठ दर वेळी निराळी, म्हणून तिचा धक्काही निराळा. तिला तळहातावर नुसती टेकवून मनासारखी हलू दिली, तेव्हा छर्रे एकमेकांजवळ पडू लागले. चाप तोच, जड. तो हळूहळू मागे घ्यावा लागतो आणि म्हणूनच घाई करता येत नाही.

डोळ्यांचेही असेच. खाच, माशी आणि निशाण या तीन गोष्टी एकाच वेळी स्वच्छ दिसत नाहीत. नवखा माणूस निशाणाकडे टक लावतो आणि चुकतो. नजर माशीवर ठेवायची, तिच्या दोन्ही बाजूंना खाचेत सारखा उजेड राखायचा, आणि ज्याचा वेध घ्यायचा ते धूसर आहे तसे धूसर राहू द्यायचे. माझ्या वयाला खाचही धूसर दिसते, हा भाग निराळा.

स्पर्धेतल्या समायोज्य रायफलींना मी नावे ठेवीत नाही. दहा मीटरच्या हवाई रायफलीच्या निशाणावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तेथे साधन सूक्ष्मच हवे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 मध्ये पॅरिसला पन्नास मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवले. त्याच वर्षी तेथेच पॅरालिंपिकमध्ये आमच्या जबलपूरच्या रुबिना फ्रान्सिस यांनी हवाई पिस्तुलात कांस्यपदक आणले, तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. पण त्यांची वाट वेगळी, माझी वेगळी. मला पदक नको. रविवारी सकाळी ऊन चढण्यापूर्वीचा एक तास हवा.

नात आता मोठी झाली आहे. गेल्या रविवारी तिने दहा छर्रे झाडले. सारे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतके जवळ, पण काळ्या गोलाच्या डावीकडे.

“आजोबा, ही डावीकडे मारते. मागचा स्क्रू फिरवू का?”

“फिरव. पण आधी आणखी दहा झाड आणि ते डावीकडेच जातात का, पाहा.”

तिने कुरकुरत कागद बदलला.