मावळ्याच्या पायाखालचं रान

श्रोतेहो, दिवाळीच्या किल्ल्यांवर बोलायला मला बोलावलंत. पण मी किल्ल्यावर कमी आणि मावळ्याच्या पायाखाली काय असतं यावर जास्त बोलणार आहे.

मावळा बाजारातून येतो. नांदेडच्या वजिराबादेत घ्या की लातूरच्या गंजगोलाईत, तो त्याच साच्यातला. एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल आणि पायाखाली पोपटी चकती. तो पडू नये म्हणून कारागिरानं ती ओतलेली असते. मातीच्या बुरुजावर त्या चकतीसकट मावळा ठेवला की ताटलीत वाढल्यासारखा दिसतो. बाहुली सगळ्यांची सारखीच. आपल्या हातात उरते ती तिच्या खालची जमीन. ती तरी आपल्या मुलखाची असावी, एवढंच माझं म्हणणं.

बैठकीचा मान आपल्याला काही नवा नाही. भाद्रपदात घरोघरी महालक्ष्म्या बसतात. मुखवटे पिढीजात असतात, पण ज्या कोठीवर ते चढवायचे ती कितीतरी घरांत दर वर्षी गव्हा-तांदळानं नव्यानं भरतात. त्या धान्याच्या वजनावर महालक्ष्मी उभी राहते. आणि हळदीकुंकवाला आलेल्या बाया मुखवट्याला हात जोडून झाले की समोरची आराससुद्धा तेवढ्याच बारकाईनं बघतात. आपल्या शेजारच्या तेलंगणात नवरात्रात बोम्मल कोलुवू मांडतात. बाहुल्यांच्या पायऱ्या विषम संख्येच्याच हव्यात, आणि बाजूला धान्य उगवून छोटी बागही करतात. तिकडे इंग्लंडात एच. जी. वेल्ससारख्या नावाजलेल्या कादंबरीकारानं १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढायांचे नियम सांगणारं 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिलं. तेव्हा हा पोरखेळ आहे असं कुणी म्हटलं तर संकोचू नका.

आता कामाचं. चकती झाकायची सोपी रीत म्हणजे तिच्या जाडीएवढा खड्डा करून मावळा मातीत बसवायचा आणि कडा लिंपून घ्यायची. त्याहून चांगली रीत जगभरचे छंदिष्ट वापरतात. चकतीवर फेविकॉल लावून चाळलेली वाळू भुरभुरायची, वाळली की गडद रंग द्यायचा. मग कुंचला फडक्याला पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि फिकट रंग नुसत्या उंचवट्यांवरून फिरवायचा. खाचांत अंधार राहतो, कणांवर ऊन पडल्यासारखं दिसतं.

पण रंग कुठला? इथं बहुतेक जण चुकतात. काळी जमीन म्हणून काळा रंग फासतात. आपलं रान काळं दिसतं ते ओलं असताना. उन्हाळ्यात तेच राखाडी-तपकिरी होतं आणि भेगाळतं, कारण ही चिकणमाती पाण्यानं फुगते नि वाळली की आकसते. किल्ल्याला तडे जातात तेही यामुळेच. म्हणून गाऱ्यात वाळू आणि भुसा घाला, बारदाना त्यात बुडवून विटांवर पसरा. मात्र मावळ्याच्या चकतीवरच्या भेगा बुजवू नका! त्या आपल्या रानाची सही आहेत. देगलूर-बिलोलीकडच्या लेकरांनी तर काळा रंग हातात घेऊच नये. तिकडे काळा पाषाण संपून ग्रॅनाइट सुरू होतो. त्यांच्या चकतीवर भरड, गुलाबीसर मुरूम हवा.

मापाचंही बघा. तीन इंचांचा मावळा म्हणजे साडेपाच फुटांचा माणूस, बावीस पट लहान. किल्ल्यावर पेरलेल्या मोहरीचं सेंटिमीटरभर पान त्याच्या शेजारी पळसाच्या पानाएवढं होतं. माहूरचा गड करणार असाल तर चालेल, तिथं डोंगर आहे, जंगल आहे. औशाच्या माळावर ते शोभत नाही. तटाचं तेच. चार इंची तट म्हणजे सव्वासात फूट, घोड्यावर बसलेला शिपाई सहज आत डोकावेल. तीस फुटी तट करायचा तर सोळा इंच उंची लागते.

माहूर सोडला तर आपले औसा, उदगीर, कंधार हे भुईकोट. आपली लेकरं मात्र ढीग रचून रायगड करतात. २०२५ साली युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत मराठवाड्यातला एकही नाही. त्यामुळे पुढच्या दिवाळीत रायगड आणखी वाढणार. रायगडाशी माझं भांडण नाही. पण औसा करायचा तर रचण्याआधी खणावं लागतं. खंदक आधी, त्याच मातीचा तट नंतर. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये खणता येत नाही, तिथं प्लायवूडवर भोवतालची जमीनच चार इंच उचलायची, खंदक आपोआप खाली राहतो. कंधारच्या खंदकात पाणी असतं, म्हणून खरं पाणी ओतायचा मोह होतो. ओतू नका. दोन दिवसांत बुरूज बसतो. तळाला गडद हिरवा रंग द्या आणि वर फेविकॉलचे पातळ थर, आधीचा पुरता वाळल्यावरच पुढचा.

मग एक अडचण येते. औशाला, उदगीरला सिंहासनावरचे महाराज बसवले तर इतिहासाचा मास्तर रागावेल. हे कोट बहमनी, निजामशाही, मुघल, निजाम अशा हातांतून फिरलेले. त्याऐवजी ३ फेब्रुवारी १७६० ची उदगीरची लढाई मांडा. सदाशिवरावभाऊंनी निजामाला गाठलं ते चालत्या सैन्यावर, मोकळ्या रानात. म्हणजे तटाचीही गरज नाही, नुसती जमीन पुरे, आणि तीच सगळ्यात अवघड. फेब्रुवारीत माती वाळत आलेली, कुठं कुठं ज्वारी उभी, कुठं तुरीची धसकटं. धसकटांसाठी झाडूच्या काड्यांचे बोटाच्या पेराहून लहान तुकडे तिरपे कापून ओळीनं रोवा. भाऊंच्या तोफांवर इब्राहिमखान गारद्याची माणसं होती, पण बाजारात गारदी मिळत नाही. मावळाच घ्या, त्याची ढाल कातरा, तलवारीच्या जागी काडीची बंदूक चिकटवा आणि अंगरखा नव्यानं रंगवा. पोपटी चकती मात्र सगळ्यात आधी झाका, अंगरख्याचा रंग ओला असताना तिच्यावर वाळू भुरभुरलीत तर गारद्याच्या अंगावरही रान उगवेल.