स्काऊटमास्तरांची खुर्ची
(व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



पत्रिकेवर माझा विषय ‘मुलांमधील नेतृत्वगुणांचा विकास’ असा छापलाय. संयोजकांची परवानगी गृहीत धरून मी मोठ्यांबद्दल बोलणार आहे. मुलांचं नेतृत्व वाढायचं तसं वाढतं, आपण मध्ये कडमडलो नाही तर.

माझं म्हणणं एका वाक्याचं आहे. स्काऊट शिबिरातलं सगळ्यात महत्त्वाचं साहित्य म्हणजे घडीची खुर्ची. तंबू, दोर, काठ्या नंतर. मास्तरांनी ती चुलीपासून लांब, पण सगळी मुलं दिसतील अशी मांडावी आणि तिच्यावर बसून राहावं. (हशा) हसू नका. जन्मभर फळ्यासमोर उभं राहिलेल्या माणसाला बसणं फार जड जातं.

मुलांवर सोपवून बसण्याची ही रीत जुनीच; स्काऊट चळवळीचा इतिहास तुम्हाला ठाऊकच आहे. पुढच्या रांगेतल्या निम्म्या मंडळींनी शाळेत स्कार्फ बांधलेला दिसतोय. एवढंच आठवा की १९०७च्या ऑगस्टमध्ये चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसएक मुलं नेली. काही बड्या शाळांतली, काही साध्या घरांतली. त्यांचे चार संघ पाडले: लांडगे, बैल, डोमकावळे आणि कर्ल्यू नावाचे पाणपक्षी. प्रत्येक संघावर त्यांच्यातलाच एक थोरला मुलगा नेमला आणि संघाची जबाबदारी त्याच्यावर टाकली. पुढे पॉवेलसाहेबांनी लिहून ठेवलं की पथकात बत्तीसपेक्षा जास्त मुलं नसावीत. का? तर मला स्वतःला सोळाच झेपतात, बाकीचे लोक माझ्या दुप्पट हुशार असतील असं धरून बत्तीस. (हशा) आमच्या शाळांत पटावर कितीही असोत, आम्ही शिट्टी वाजवतो आणि सगळी सांभाळली असं अहवालात लिहितो.

मुलांच्या हाती संघ सोपवण्याच्या या पद्धतीवरचं पुस्तक, ‘द पॅट्रोल सिस्टीम’, १९१४ साली रोलंड फिलिप्स यांनी लिहिलं. तेव्हा त्यांचं वय चोवीस. दोन वर्षांनी सोमच्या लढाईत ते मारले गेले. वय लक्षात ठेवा. चोविशीतला माणूस स्काऊटमास्तरांना शिकवत होता. आपल्याकडे चोविशीतल्या माणसाला आपण कार्यक्रम संपल्यावर सतरंज्या उचलायला थांबवतो. (हशा, टाळ्या)

मघाशी चहाच्या वेळी एक गृहस्थ मला म्हणाले, ‘हे सगळं साहेबाचं, आपलं काय?’ त्यांना इथूनच उत्तर देतो, ते बसले असतील तर. भारतात १९०९मध्ये पहिली पथकं निघाली तेव्हा त्यांत आपल्या मुलांना प्रवेश नव्हता. म्हणून ॲनी बेझंट यांनी वेगळी संघटना काढली. पंडित मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची स्काऊट संघटना काढली. ७ नोव्हेंबर १९५० रोजी देशातल्या स्काऊट संघटना एकत्र येऊन ‘भारत स्काऊट्स आणि गाइड्स’ ही संघटना झाली. दार बंद होतं तेव्हा आपण आपलं घर बांधलं. आता ते साहेबाचं कसं? असो, मी चिडलेलो नाही. (हशा)

मुद्द्यावर येतो. आपल्याकडे पथक बहुधा शाळेचं असतं आणि स्काऊटमास्तर तिथलाच शिक्षक. सोमवारी जो गणिताचे पेपर तपासतो तोच शनिवारी म्हणतो, ‘आज तुम्ही ठरवा.’ मुलं कशी ठरवणार? ती सरांच्या भुवयांकडे बघतात. त्यात द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार ही स्काऊटच्या परीक्षांची शिडी. तपासणी जवळ आली की सरांचा हात आपोआप दोरीकडे जातो आणि गाठ सरच मारतात. मुलांनी स्वतः राबून पैसे मिळवायच्या ‘खरी कमाई’च्या दिवशी तर भेळ आईने केलेली, चटणी आजीची, गल्ल्यावर बाबा. कमाई खरीच असते, फक्त ती कोणाची हे विचारू नये.

याच संदर्भात भंडारदऱ्याच्या शिबिरातली एक गोष्ट, दोन मिनिटांत सांगतो. स्वयंपाकाचं काम आठवीतल्या एका संघनायकाकडे होतं. त्याने पिठलं-भात ठरवला. सामानाच्या यादीत मीठ राहिलं. मला ते दिसलं होतं. मी खुर्चीत बसून राहिलो. रात्री अळणी पिठलं. कुणी बोललं नाही, पण मिरच्या जरा जास्त संपल्या. सकाळी त्याने शेजारच्या वाडीवर जाऊन मीठ आणलं, बदल्यात वाडीवरच्या आजींचं पाणी भरून देण्याचं ठरवून आला. इतकं सुंदर चाललं होतं. आणि दुपारी एक गाडी येऊन थांबली. एका मुलाचे वडील. ‘सहज आलो होतो इकडे.’ भंडारदऱ्याला सहज! (हशा) हातात डबा. डबा म्हणजे काय, पिंप. पुरणपोळ्या, तूप वेगळं, कटाची आमटी वेगळी. वहिनींनी पहाटे उठून केलेलं, नको कसं म्हणणार? मला खुर्चीतून उठून त्यांना परत पाठवावंसं वाटत होतं. पण मी संघनायकांना म्हटलं, तुमची सभा घ्या. कोर्ट ऑफ ऑनर म्हणतात ती. झाडाखाली चौघं बसले. मी लांब. आवाज चढले, एकदा कुणीतरी उठून गेला, परत आला. शेवटी निर्णय वाचून दाखवला: अर्ध्या पोळ्या वाडीवरच्या आजींना द्याव्यात, उरलेल्या सगळ्यांत सारख्या वाटाव्यात; आणि यापुढे पालकांनी शेवटच्या दिवशीच यावं, येताना हात रिकामे असावेत. शेवटचं कलम सुचवणारा मुलगा त्याच गाडीवाल्यांचा होता. वडिलांनी निमूट ऐकलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘सर, तुम्हीच पढवलंत ना हे?’

इथे बसलेल्या काही पालकांचे चेहरे जरा गंभीर झालेत. तुमच्या पोळ्यांवर माझा राग नाही. (हशा)

तर ती दोन मिनिटं संपली. (हशा) आता उलट बाजू, कारण प्रश्न येणारच. मास्तर बसले आणि मुलगा बुडाला तर? तर खुर्ची गेली चुलीत. पाणी, आग आणि धाकट्या मुलाच्या डोळ्यांतलं पाणी, या तीन ठिकाणी विचारविनिमय नाही; मोठ्या माणसाने उठायचं, धावत. तिसरं सगळ्यात अवघड, कारण ते लांबून दिसत नाही. त्या पाण्याचं कारण बहुधा हेच: संघनायक कधी कधी छोटा हुकूमशहा होतो. भांडी रोज त्याच सहावीतल्या मुलाकडे. ओरडून बोलणं. आणि तो हे शिकला कुठे? शाळेत, आमच्याकडून! त्याला सगळ्यांसमोर झापलं तर तोच धडा आपण पुन्हा गिरवला. संध्याकाळी त्याला बरोबर घेऊन चालायला जावं आणि विचारावं, आज भांडी कोणी घासली? काल? परवा? तिसऱ्या नावाला तो स्वतःच थांबतो. नायकपद काढून घेण्याची वेळ आलीच, तर तेही संघनायकांच्या सभेपुढे न्यावं. बसणं म्हणजे झोपणं नव्हे. उलट चुलीपाशी लुडबुडणाऱ्या मास्तरांना फक्त चूल दिसते.

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटे.’ आणखी एक. ‘तीन.’ (हशा) मला गाइड पथकांबद्दल, प्रौढांच्या प्रशिक्षणाबद्दल आणि पचमढीच्या प्रशिक्षण केंद्राबद्दल बोलायचं होतं, ते राहू दे.

निघताना फक्त या व्याख्यानमालेच्या समितीला एक विनंती. मंचावर मी मघापासून बघतोय, पन्नाशीच्या आतलं कुणी दिसत नाही. गावात दोन महाविद्यालयं आहेत. पुढच्या वर्षीचे वक्ते आणि विषय तिथल्या मुलांना ठरवू द्या, हॉल त्यांनाच ठरवू द्या, हिशेबाची वहीही द्या. तुम्ही खुर्च्या घेऊन मागे बसा. पहिल्या वर्षी माइक बिघडेल, पत्रिकेत चुका असतील, एखादा वक्ता येणारच नाही. उठू नका. ती मुलं मला परत बोलावणार नाहीत, याची मला जवळजवळ खात्री आहे. तरी द्या. (टाळ्या)