गळती भिंतीची, मोजणी प्लेटलेटची



अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यात दवाखाना चालवणाऱ्याला पावसाळा आणि त्यानंतरचे दोन महिने एकच प्रश्न दिवसभर ऐकू येतो: "डॉक्टर, प्लेटलेट किती?" कोणी पपईच्या पानांचा रस घेऊन येतं, कोणी किवी. रक्तपेढीला फोन आपल्याआधी नातेवाइकांनी लावलेला असतो. मला या सभेचा अध्यक्ष केलंतच आहे, तर त्याचा फायदा घेऊन मी आज प्लेटलेट बाजूला ठेवतो. डेंगीचा पेशंट शॉकमध्ये जातो तो मुख्यतः प्लाझ्मा रक्तवाहिनीबाहेर झिरपल्यामुळे. तेव्हा बोलायचं ते त्या गळणाऱ्या भिंतीबद्दल.

ही भिंत म्हणजे एंडोथेलियम, पेशींचा एकपदरी थर. १९६१ साली मायनो आणि पॅलाडे यांनी उंदरांना हिस्टामिन टोचून त्यांच्या बारीक शिरा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. गळती दोन पेशींमधल्या फटींतून होत होती. पेशी फुटल्या नव्हत्या, एकमेकींपासून सरकल्या होत्या.

शेजारच्या पेशी व्हीई-कॅड्हेरिन या प्रथिनाने एकमेकींना धरून असतात आणि आतला ॲक्टिनचा सांगाडा त्यांना मागे ओढू शकतो. फुगडीच समजा: ओढ वाढली किंवा पकड ढिली पडली, की हात सुटलेच. शांत पेशीत ॲक्टिन कडेने पट्टा करून सांध्याला आधार देतं. हिस्टामिन किंवा थ्रॉम्बिन रिसेप्टरवर बसलं की आत कॅल्शियम वाढतं, मायोसिनला फॉस्फेट लागतं आणि तो ॲक्टिन खेचू लागतो. ऱ्हो हे प्रथिन, ऱ्हो-कायनेजमार्फत, ते फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमलाच अडवतं, त्यामुळे खेच टिकून राहते. पेशीत आडवेतिडवे ताणतंतू उभे राहतात, पेशी आक्रसते, सांधा उघडतो. रॅक, रॅप आणि सायक्लिक एएमपी ही मंडळी दुसऱ्या बाजूची. कडेचा पट्टा पुन्हा बांधायचं काम त्यांचं.

डेंगीत या यंत्रणेला हात घालणारे पुष्कळ, पण एकाचं नाव आपण रोज लिहितो: एनएस-१ हे विषाणूचं प्रथिन. आपल्याला ते निदानाची खूण म्हणून ठाऊक. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत विषाणूशिवाय नुसत्या एनएस-१ने पेशींचा थर झिरपू लागला, आणि त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडींनी ही गळती रोखली. म्हणजे पट्टीवर उमटणारी ती रेघ आरोपीचीही आहे.

भिंत पाडली जात नाही, उघडली जाते, हे डेंगीइतकं स्वच्छ क्वचितच दिसतं. चौथा-पाचवा दिवस. ताप उतरलेला, घरचे खुशीत, डिस्चार्ज मागतायत. हात मात्र गार. बीपी १००/८०, वरचा आकडा पाहून ठीक वाटतं, पण मधलं अंतर वीसच उरलेलं. हिमॅटोक्रिट ३८ वरून ४६. सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत जाड, उजव्या फुप्फुसाभोवती पाणी. आणि साधारण २४ ते ४८ तासांत हे सगळं आपोआप उलटतं. भिंत उद्ध्वस्त झाली असती तर इतक्या लवकर सावरली नसती.

या उलटण्याच्या वेळीच आपल्याकडे घात होतो. बाहेर गेलेलं पाणी रक्तात परतू लागतं, आणि सलाइन आदल्या दिवशीच्याच वेगाने चालू राहतं. शॉकमधून वाचलेला पेशंट मग फुप्फुसात पाणी साचून धापा टाकतो. सलाइन लावायला जितकी घाई, तितकीच ते उतरवायला हवी. प्लेटलेट अजून कमी आहेत म्हणून बाटली चालू ठेवायची, या हिशोबाला शास्त्र म्हणता येत नाही.

फट बंद करणारं औषध आहे का? ऱ्हो-कायनेज रोखणारं फासुडिल जपानमध्ये १९९५पासून मेंदूतल्या रक्तस्रावानंतर होणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या आकुंचनासाठी वापरतात. डेंगीसाठी मात्र आपल्या हातात तसं काही नाही. स्टेरॉइडचाही या गळतीत फायदा सिद्ध झालेला नाही, तरी प्रिस्क्रिप्शनवर ते दिसतंच. हे मी इथे बसलेल्यांना उद्देशूनच म्हणतोय, रागावू नका.

आता एक ठराव मांडतो. आपल्या तिन्ही शहरांतल्या लॅबना विनंती करू, की डेंगीच्या रिपोर्टवर हिमॅटोक्रिट प्लेटलेटच्या वर छापावं आणि शेजारी कालचा आकडा द्यावा. खर्च शून्य. अनुमोदन कोण देतंय?